कबरींच्या टेकडीवरची वाहतूक

त्सुनामीत वाहून गेलेल्या गावाच्या कबरी टेकडीवरच्या दफनभूमीत हलवायच्या होत्या. जागा वाढली की खालच्या रस्त्यावर गाड्या किती वाढतील, याचा अंदाज कश्मिराला बांधायचा होता. जपानमध्ये नोकरीला आलेली पुण्याची ही इंजिनिअर हिशोबाला पक्की. वर्षाला माणसं किती मरतात, एका अंत्यविधीला गाड्या किती येतात, गुणाकार केला आणि लिहून मोकळी झाली: रस्त्याला काही त्रास नाही.

तिचे साहेब ओनोदेरा-सान यांनी अहवाल शांतपणे वाचला. "आणि नंतर कोणीच येत नाही?"

"आमच्याकडे राख पाण्यात सोडली की झालं," ती म्हणाली. "श्राद्ध घरीच. स्मशानात पुन्हा कोण कशाला जाईल?"

ओनोदेरा-सान वाद घालणाऱ्यांतले नव्हते. सप्टेंबरात हिगान, म्हणजे इथला पितरांचा आठवडा आला, तेव्हा ते तिला ऑफिसच्या गाडीतून थेट दफनभूमीच्या फाटकाशी घेऊन गेले. मोजणीचं यंत्र हातात दिलं. गाडी आत गेली की बटण दाबायचं, फक्त आपली ऑफिसची गाडी धरायची नाही.

सकाळीच रांग पार हायवेला भिडली. माणसं फुलं घेऊन उतरत होती, कबरींचे दगड धूत होती. कश्मिराचा अंगठा दुखायला लागला.

दुपारी गर्दी ओसरली, तसं ओनोदेरा-सान यांनी डिकीतून बादली आणि शेवंतीची जुडी काढली.

"कश्मिरा-सान, जरा सांभाळा. आई-वडिलांकडे जाऊन येतो."

ते पायऱ्या चढून दिसेनासे झाले. कश्मिराने ऑफिसच्या गाडीकडे पाहिलं आणि बटण एकदा दाबलं.