शालिकरामचा पाय

सक्करदऱ्याच्या आपल्या गॅरेजात वामनरावांनी चाळीस वर्षांत किती गिअरबॉक्स उघडले असतील, त्याची गणती नव्हती. पण त्या दिवशी पान्याला हात घालायच्या आधीच त्यांची लेक आडवी आली.

“बाबा, उघडाच्या आधी ऑइल पाह्यलं का?”

अपेक्षा बाळंतपणाला आली होती ती अजून माहेरीच होती. कडेवर पाच महिन्यांची मुलगी होती, पण ऑटोमोबाइलचा डिप्लोमा काही डोक्यातून गेला नव्हता.

“आज नवीन काम शिकून राहिलो का मी? काठोकाठ आहे. पाहा.” इंजिन बंद होतं. वामनरावांनी ऑइल मोजायची डीपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. खुणेच्याही वर लाल ऑइल.

गाडी चौसष्ट सालची, अमेरिकन, ऑटोमॅटिक गिअरची. मालक विक्रम, त्याच्या आजोबांनी हौसेनं घेतलेली. वर्षभर ती चढावर घसरत होती. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. दिवाळीच्या आधी वामनरावांनी विक्रमसमोर निकाल दिला होता : गिअरबॉक्स जळला, आणि जाळला तो ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या ड्रायव्हरच्या पायानं. बावीस वर्षं ती गाडी चालवणारा शालिकराम तिथंच उभा होता. “वामनभाऊ, ऑइल कमी असंन गा, एकडाव पाहून घ्या ना,” एवढंच तो म्हणाला. तेव्हाही वामनरावांनी अशीच डीपस्टिक काढून त्याच्या नाकापुढं धरली होती. “दिसते का? का चष्मा आणू?” सगळं गॅरेज हसलं होतं. शालिकरामनं सीटवरच्या टॉवेलाची घडी घातली, चावी विक्रमच्या हातात ठेवली आणि तो गेला. आता भिवापूरहून कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या खेपा करतो म्हणे.

“बाबा, हे ऑटोमॅटिक आहे,” अपेक्षा हळूच म्हणाली. “याचं ऑइल इंजिन चालू ठेवून पाह्यतात. बंद केलं की वरचं सारं खाली उतरते. कमी असलं तरी भरलेलं दिसते.”

“मले शिकवते काहून वं?” वामनराव म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी गाडी सुरू केली, तापू दिली, चालत्या इंजिनावर डीपस्टिक काढली. टोकाला नुसता ओलावा होता.

अपेक्षानं उगाचच मुलीचं टोपडं नीट केलं.

ऑइल गेलं कुठं? खाली तर थेंब नव्हता. वामनराव गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक लहानशी डबी असते, तिच्यात रबराचा पडदा, आणि तिथून इंजिनाला जाणारी नळी. त्यांनी नळी ओढून काढली आणि लाल ऑइल तळहातावर गळलं. पडदा फाटला होता. गिअरचं ऑइल इंजिन ओढून घेत होतं आणि जाळत होतं. मागून निघणाऱ्या त्या पांढऱ्या धुराला वामनराव ‘म्हातारं इंजिन आहे’ म्हणून हसत आले होते. ते बराच वेळ खालीच पडून राहिले. वर यायचं तर लेकीच्या डोळ्यांत पाहावं लागलं असतं. ती नवरी होऊन याच गाडीतून गेली होती आणि चालवायला शालिकराम होता.

चार दिवसांनी मुंबईहून नवी डबी आली. ती बसवली, इंजिन चालू ठेवून खुणेपर्यंत ऑइल भरलं. गाडी निमूट चालू लागली.

“काका, जादू आहे तुमच्या हातात! गिअरबॉक्स वाचवला!” विक्रम म्हणाला.

या गॅरेजची एक रीत होती, वामनरावांनीच पाडलेली. गिअरबॉक्सचं काम झालं की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ते चिरडून गाडी बाहेर काढायची ती रोजच्या ड्रायव्हरनंच. त्याच्या पायाखाली चालली तर काम झालं.

“आता ड्रायव्हर तर नाही. तुम्हीच काढा,” विक्रम म्हणाला.

लिंबू ठेवायला वाकलेले वामनराव तसेच थांबले. कोणाला काही कळणार नव्हतं. अपेक्षा तर बोलली नसतीच. तेच त्यांना सोसेना.

“उद्या नेजा गाडी,” ते म्हणाले आणि लिंबू खिशात घालून स्कूटरवर कळमन्याला गेले.

शालिकराम नाकाला दुपट्टा बांधून पोत्यांजवळ उभा होता.

“शालिकराम, तुहा पाय बरोबर होता. माह्यंच पाह्यणं चुकलं. ऑइलच कमी होतं.”

शालिकराम पोत्याची शिवण चाचपू लागला.

“हे इथं काहून सांगून राहिले, वामनभाऊ? इथं तर मले कोणी हसलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात तेव्हा हसलेली तीच माणसं होती. विक्रमही होता. वामनरावांनी बोलावलेला शालिकराम दारातच थांबला. वामनरावांनी आधी इंजिन बंद ठेवून डीपस्टिक दाखवली, मग चालू करून दाखवली. कसं पाहायचं असतं आणि आपण कसं पाहिलं, ते सांगितलं. “या माणसानं तेव्हाच सांगतलं होतं. मी त्याले ‘चष्मा आणू का’ म्हटलं,” असं म्हणताना त्यांची मान खाली गेली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

लिंबू चिरडून गाडी निघाली. पुढं शालिकराम आणि विक्रम, मागं वामनराव आणि अपेक्षा, तिच्या मांडीवर मुलगी नुकती झोपलेली. सेमिनरी हिल्सचा चढ आला. शालिकरामचा पाय हलला की नाही, तेही कळलं नाही. गिअर बदलला तोही कोणाला जाणवला नाही. गाडी वर पोचली. मुलगी तशीच झोपलेली होती, तोंड अर्धं उघडं टाकून. याच पायाला आपण सगळ्यांसमोर नावं ठेवली, हे वामनरावांना त्या झोपेकडं पाहताना जेवढं लागलं, तेवढं डीपस्टिक पाहतानाही लागलं नव्हतं.

परत आल्यावर शालिकरामनं हातानंच सीट पुसली आणि चावी विक्रमला दिली.

“ठेवा ना तुमच्याजवळच,” विक्रम म्हणाला. “उद्यापासून या.”

“नाही बाबू. माल उतरवाचा आहे.”

“चहा तर घेऊन जा गा,” वामनराव म्हणाले.

शालिकरामनं झोपलेल्या मुलीच्या पायाला बोट लावलं. “पुढच्या खेपेले पाहू,” तो वामनरावांकडं न पाहताच म्हणाला आणि दुपट्टा बांधून निघाला.