बंद दाराआडचं ऑफिस

लग्न होऊन विदर्भातल्या वणीत आल्यावरही ऋचाने पुण्याची नोकरी सोडली नव्हती. विमा कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायची, डॉक्टरांशी फोनवर बोलायचं, खटकलं तिथे विचारायचं. लॅपटॉप असला की काम कुठूनही होत होतं. नवरा पियूष कोळसा खाणीच्या ऑफिसात सकाळीच निघून जाई. घरी त्या दोघी, ऋचा आणि तिच्या सासूबाई रत्नप्रभा.

सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, "ऋचा काय, ते घरीच राह्यते." मग गॅसवाला आला की ऋचा, कुणाला चहा हवा की ऋचा, शेजारच्या कांताबाईंना मोबाईलवर लाइट बिल भरून द्यायचं तरी ऋचाच. एकदा मीटिंगमध्ये ती बोलत असताना मागे मिक्सर सुरू झाला, आणि पुण्याच्या मॅडमनी सगळ्यांसमोर तिला माइक बंद करायला सांगितलं. पुढच्या महिन्यात टीमची जबाबदारी तिच्याहून नवख्या मुलीला मिळाली.

त्या दिवशी ऋचा जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःला शिस्त लावली. मागच्या खोलीतली गाद्यांची चळत हलवून तिथे टेबल मांडलं. गाऊनवर कामाला बसणं बंद केलं. अंघोळ करून, केस विंचरून, ड्रेस घालूनच ती लॅपटॉप उघडू लागली. जेवणाची वेळ ठरवली. आणि सासूबाईंना सांगितलं की दाराच्या कडीला लाल ओढणी दिसली तर हाक मारायची नाही.

"माह्याच घरात मले बंदी," सासूबाई कांताबाईंजवळ म्हणाल्या. ऋचाने ते ऐकलं आणि दार लावून घेतलं.

महिनाभर काम सुरळीत झालं. मग एका दुपारी ती जेवायला बाहेर आली, तर सासूबाई ओसरीवरच्या खुर्चीत घामाघूम बसल्या होत्या. मनगट सुजून काळंनिळं झालेलं. मोरीत पाय घसरून त्या सकाळीच पडल्या होत्या.

"आई, काहून हाक नाही मारली?"

"ओढणी होती ना. अन् तू आत बोलून राह्यली होती."

ऋचाला रडू आलं. त्यात कळवळा होता, तसाच संतापही होता. नियम नव्हता तेव्हा टीमची जबाबदारी हातची गेली, नियम केला तर हे.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. घरात सून असून म्हातारी तळमळत बसली, असं लोक म्हणत होते. पियूषही रात्री तेच म्हणाला. ऋचाने शांतपणे सांगितलं, "उद्या मला मीटिंग आहे. सुट्टी तू घे."

तो कुरकुरला, पण त्याने सुट्टी टाकली.

सकाळी ऋचाची मीटिंग सुरू होताच दारावर टकटक झाली. चहाची गाळणी कुठे आहे? तिने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा टकटक, आईची गोळी जेवणाआधी की नंतर? तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा ती बिलातला आकडा समजावून सांगत होती. ती उठणार तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"पियूष, दार कायले वाजवतं? तिचं ऑफिस सुरू आहे. काय पाह्यजे ते मले विचार."

पियूष काहीतरी पुटपुटला. पावलं लांब गेली. ऋचा क्षणभर दाराकडे बघत राहिली. पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी तिच्या कामाला 'ऑफिस' म्हटलं होतं.

पण तेवढ्यात तिचा आकडा हुकला होता. पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "ऋचा, आहेस ना?"

"सॉरी मॅडम," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सांगू लागली.