रंगवलेली शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, या क्षणी एक माणूस माझ्यावर चढतो आहे, म्हणून मी हळू बोलते.

खालची पायरी.

पाय टेकला. हा सुतार आहे. मला घडवणाराही हाच. तेव्हा याच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि माझ्या अंगाला ताज्या लाकडाचा वास येत होता. आज त्याच्या कपाळावर राखेचा क्रूस आहे. उपवासकाळाचा पहिला दिवस. राख लावताना फादरांनी त्याला आठवण करून दिली, की माणूस मातीचा आहे आणि त्याला मातीतच जायचं आहे. "आमेन," म्हणून तो थेट माझ्याकडे आला. चर्चमधल्या वेदीमागच्या उंच क्रूसावर जांभळं कापड चढवायचं काम दरवर्षी त्याचंच.

"बाबा, यंदा दुसरं कोणी चढेल." ही त्याची लेक. तिने मला दोन्ही हातांनी धरलं आहे.

"दुसऱ्याला शिडीचा स्वभाव माहीत नाही."

"आणि तुम्हाला चक्कर येते, तिचा स्वभाव?"

"ती काल आली होती. आज राख लावलीय."

"राख म्हणजे गोळी नव्हे, बाबा."

मधली पायरी.

मित्रांनो, माझ्यावर चढून लोकांनी कौलं शाकारली, भिंती धुतल्या, घंटेचा दोर बदलला. "शिडी असावी तर अशी," म्हणायचे. मग नव्या हलक्या शिड्या आल्या आणि मी दारामागे गेले. तिथून मला बाहेर काढलं ते या लेकीच्या लग्नात, मांडव सजवायला.

शिडीला तेल पाजतात, रंग देत नाहीत. रंगाखाली तडा दिसत नाही. हे याच सुताराने सगळ्यांना शिकवलं होतं. पण फोटोत मी कळकट दिसेन म्हणून त्यानेच मला पांढरा रंग फासला. त्याच दिवशी स्वतःचे केसही काळे केले. "चल, दोघंही तरुण," म्हणाला.

त्या रंगाखाली, माझ्या वरच्या एका पायरीला तडा आहे. मला ठाऊक आहे. त्याला नाही. तुमच्याशी बोलते तसं त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त कुरकुरता येतं.

त्यावरची.

कुर्र.

"ऐकलंत?" लेक विचारते.

"म्हातारी आहे. बोलल्याशिवाय राहवत नाही तिला."

त्यावरची.

त्याचा तोल किंचित जातो. तो हेलकावा माझ्यातून लेकीच्या हातांत उतरतो. ती पकड आवळते. तो तळहाताने कपाळाचा घाम पुसतो आणि त्याच हाताने वरची पायरी धरतो. तीच पायरी.

हात घसरतो. पांढऱ्या रंगावर राख फासली जाते, आणि रंगाच्या बारीक भेगेत जाऊन बसते. एक काळी रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तो तोंड जवळ आणतो. बोटाने ठोकतो. बद्द आवाज.

क्रूस आता हातभरच वर आहे.

"ही टाळून वरच्या पायरीवर पाय टाकता येईल," तो पुटपुटतो. "एकच ढांग."

पाय उचलला जातो. हवेत राहतो. मी श्वास रोखते, लाकडाला रोखता येईल तेवढा.

"बाबा? काय झालं?"

तो पुन्हा त्या काळ्या रेघेकडे पाहतो.

"तडा आहे."

"कशाला?"

"दोघांना."

पाय परत खाली येतो.

"धर नीट, बाई. उतरतोय. खालचं दिसत नाही मला, तू सांग."

"डावा पाय. अजून खाली. हं. आता उजवा."

जमीन.

तो घडी केलेलं कापड हातात घेऊन उभा राहतो, चोरी पकडल्यासारखा. फादर म्हणतात, "पायाशी ठेवा. तिथेही क्रूसच आहे." त्या दिवसाला आता बराच काळ लोटला. त्या उपवासकाळात कापड क्रूसाच्या पायाशीच राहिलं.

नंतर त्याने माझा रंग खरवडला आणि तड्याखालून मला कापलं. दुखलं. आता मी मेणबत्त्यांपर्यंतच पोहोचते. माझा वरचा तुकडा विस्तवात गेला आणि त्याची राख झाली. त्याचे केस पांढरे आहेत, आणि तो माझ्या खालच्या पायरीवर बसून चहा पितो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या शिडीला तेल लावा. कोणी चढत असेल तर खाली उभे राहा, धरा, आणि उतरणाऱ्याला पायरी सांगा. मीही एक दिवस विस्तवात जाईन. जाऊ दे. तोवर मला रंग देऊ नका. माझा तडा दिसू द्या.