डोळ्याला चिकटलेलं भिंग

घड्याळजींची डावी पापणी पंधरा दिवस फडफडत होती. डोळ्याला भिंग लावून ते चिमट्याने चक्र उचलायचे आणि नेमकी तेव्हाच ती बया नाचायला लागायची. चक्र जायचं टेबलाखाली, आणि मागोमाग घड्याळजी.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून डोळा पाहिला. "काही नाही हो. झोप काढा, चहा कमी करा." पुढचा पेशंट आत आलासुद्धा!

घड्याळजींना हे भलतंच लागलं. इथे जीव टांगणीला लागलाय आणि म्हणे काही नाही! घरी येऊन त्यांनी मोबाइल उघडला. एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ हात जोडून म्हणाला, "दादा, तुमचा त्रास मला कळतो." घड्याळजींना भरूनच आलं. अठरा मिनिटं तो डोळ्याला डोळा भिडवून बोलला. हा यकृताचा कोप आहे म्हणाला. मधात डिंक कालवून पापणीवर चोपडा.

"कोट भाड्याचा दिसतोय," बायको म्हणाली. "बाह्या बघा, पार बोटांवर आल्यात."

"तू बाह्या बघ. मी माणूस बघतोय."

सकाळी लेप चोपडून ते दुकानात बसले आणि सवयीने भिंग डोळ्यात अडकवलं. दुपारी जेवायला उठले, तर भिंग निघेना. ओढलं की भुवईही सोबत यायची. बायकोने दंडाला धरून तसंच दवाखान्यात नेलं. तिथल्या एका आजोबांनी त्यांचं रूप पाहून आपला नंबरच देऊन टाकला.

कोमट पाण्याने भिंग सुटलं. अर्धी भुवई घेऊन.

"कुणाच्याही नादी कसे लागता हो तुम्ही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्याने अठरा मिनिटं दिली, बाई. तुम्ही म्हणालात काही नाही. मग नाचतंय कोण?"

डॉक्टरीणबाई हसण्याच्या बेतात होत्या, पण थांबल्या. खुर्ची ओढून बसल्या. कागदावर पापणी काढली, आतला स्नायू दाखवला, थकल्यावर तो कसा तडतडतो ते सांगितलं. "याला मायोकायमिया म्हणतात."

घड्याळजी ताठ झाले. "लिहून द्या."

"आणि उपाय?" बायकोने विचारलं.

"झोप. चहा कमी."

"बघितलंस?" घड्याळजी बायकोकडे वळले. "याला म्हणतात निदान!"

त्या दिवसापासून सात कप चहा दोनावर आला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो शब्द ऐकावा लागला. आठवड्याने पापणी शांत झाली, तेव्हा घड्याळजी जरा खट्टूच झाले. शब्द आत्ता कुठे तोंडात बसायला लागला होता.