बूच न उघडलेला कॅन

मित्रांनो, मी पाच लिटरचा एक जुना कॅन आहे. आधी माझ्यात तेल होतं. ते संपल्यावर एका ऊसतोड्याच्या बायकोने मला राखेने घासलं, माझ्याभोवती ओलं गोणपाट शिवलं आणि पाण्यासाठी नवऱ्याच्या हाती दिलं. माझ्या पोटावर मापाच्या रेघा आहेत. माझी गोष्ट त्या रेघांवरच वाचा.

पाच लिटर.

सकाळी मला भरून बांधावर ठेवत. सरी लांब होती. माझ्यापर्यंत येऊन परत जायचं, तर शेजारचा पुढे निघून जाई. म्हणून तिचा नवरा माझ्याकडे येतच नसे. भर उन्हात कोयता चालायचा. मुकादमाने त्याला 'इंजिन' नाव ठेवलं होतं.

पाच लिटर.

संध्याकाळी मुकादम मला उचलून सगळ्यांना दाखवी.

"बघा रे, बूचसुद्धा उघडलं नाही. आणि तुम्ही? तोडायला येता की पाणी प्यायला?"

मित्रांनो, खरं सांगतो, माझी मान ताठ व्हायची.

"इंजिनातसुद्धा पाणी घालतात," बायको घरी म्हणे.

"तू कंबर चोळ. भाषण नको."

पाच लिटर.

कंबरेसाठी दुकानातल्या गोळ्या आल्या. लघवी काळ्या चहासारखी झाली. पाय सुजले. एका दुपारी तो सरीतच कोसळला. दोघांनी त्याला उचलून नेलं.

अर्धा लिटर.

"किडन्या गेल्या," डॉक्टर म्हणाले. आता अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून दिवसाला एवढंच प्यायचं. थेंब जास्त नाही. आता त्याला वेळच वेळ आहे. पहाटे ती मला भरते, तेव्हा तो खाटेवरून नुसता आवाज ऐकतो.

पाच लिटर.

आता ऊस तोडायला ती जाते, मला घेऊन. तीही पीत नाही. ऊस पडला की आडोसाही पडतो, मग बाईमाणसाने लघवीला जायचं कुठे?

शून्य.

घराच्या अलीकडच्या वळणावर ती मला मातीत उपडा करते. दारात तो मला उचलून बघतो.

"सगळं प्यालीस ना?"

"थेंब ठेवला नाही."

तो हसतो. कित्येक दिवसांनी हसतो. ती कंबरेवर हात ठेवून हळूच खाली बसते.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्याला काही सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. त्या शेतात एक आडोसा उभा करा. मला बांधावर नको, तिच्या हाताशी ठेवा. आणि रिकामा कॅन बघून समाधान मानू नका. तिला विचारा, कंबर कधीपासून दुखते?