दार उघडणारं बटण

मित्रांनो, टेबलाखाली पाय हलवताना तुम्ही ज्याला हमखास ठोकरता, तो पत्र्याचा डबा म्हणजे मी, एक जुना संगणक. मला कारखान्याने नाही, या घरातल्या मामाने घडवलं. पंखा एका दुकानातला, हार्ड डिस्क दुसऱ्याच कुठल्या बंद यंत्रातली, की-बोर्ड कुणाच्या तरी कचेरीतून निवृत्त झालेला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला एक प्रश्न छळतो, की या सगळ्यात 'मी' नेमका कोणता?

तरुणपणी माझी चंगळ होती. या घरची लेक माझ्यावर अभ्यास करायची, आई शिवणाचे नमुने बघायची. पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे. धूळ आत जाऊन पंखा घरघरायला लागला. वाईट वाटायचंच, पण बघत राहायची खोड काही गेली नाही.

मी सर्वात जास्त बघायचो ते बाबांना. जन्मभर शहरातली बस चालवलेला माणूस. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की बोटं वापरली तर परत येतील, नाही वापरली तर कायमची जातील. त्यांनी दिलेला रबरी चेंडू बाबांनी खणात टाकला. हात खिशात घालून ते दिवसभर खिडकीत बसू लागले. शर्टाची बटणंसुद्धा आईच लावायची.

लेकीला माझी आठवण झाली ती तेव्हा. खेळता खेळता बोटं हलतील, असा तिचा हिशेब. तिच्या कामावर सगळे ज्याच्या नावाने वेडे झाले होते, तोच गाड्यांच्या शर्यतीचा खेळ तिने आणला. नवाकोरा, चकचकीत. तो माझ्याच्याने उचलला जाईल का, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

बाबा बसले. पहिल्याच वळणावर त्यांनी ती चिमुकली गाडी लांबलचक बससारखी ऐसपैस बाहेर काढली आणि भिंतीवर आदळली. लेक खुदकन हसली. पुढे मीच धापा टाकू लागलो. बाबा बटण दाबायचे आणि गाडी बऱ्याच वेळाने वळायची. चित्र गचके खायचं. बाबांना वाटलं, हाताचंच काही खरं नाही.

"गेला तो गेलाच," ते म्हणाले आणि उठून खिडकीत जाऊन बसले.

मित्रांनो, दोष त्यांच्या हातात नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण मला घरघरण्याशिवाय दुसरी भाषा येत नाही. तेवढं एक तोंड असतं तर, असं मला फार वाटलं.

सुटका केली ती आईने. टेबल पुसता पुसता ती सहज खुर्चीवर टेकली आणि तिने गाडी वळवून पाहिली. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी ती बाई, तिचीही गाडी भिंतीत. तिने माझ्या पाठीला हात लावला. मी तापलेला होतो.

"अहो, इकडे या बघू," ती म्हणाली. "तुमच्या हाताला कशाला नावं ठेवता? याच बिचाऱ्याला दम लागलाय."

शिवणयंत्राच्या ब्रशने तिने माझी धूळ काढली. लेकीनेही आता खेळाची माहिती उघडून वाचली. कसल्या ताकदीचं यंत्र लागेल, ते तिथे आधीपासूनच लिहिलेलं होतं. ती ओशाळली. मग तिने पहिल्यांदाच बाबांना विचारलं, की तुम्हाला काय खेळायला आवडेल?

बाबा म्हणाले, "मला कुणाला हरवायचं नाहीये गं. मला गाडी स्टॉपला लावायचीय."

आमच्या जातीचं हेच बरं असतं. जुने, हलके खेळ आमच्यावर अजून सुखाने चालतात. बस चालवायचा असाच एक सापडला. थोडा भाग फुकट खेळून बघायची सोय होती, तो बाबांना आवडला. लेकीने चित्राचा चकचकाट कमी केला आणि मला मोकळा श्वास घेता आला. आणि कुठल्या बटणाने काय व्हावं, तेही आपलं आपण ठरवता येतं! तिने गाडी वळवणं डाव्या हाताला दिलं आणि बसचं दार उजव्याला. दार उघडं राहण्यासाठी बटण दाबूनच धरावं लागायचं.

सुरुवातीला उजव्या हाताचं ते बोट नुसतं थरथरायचं. दार पुरतं उघडायच्या आधीच मिटायचं. तरी बाबा रोज दुपारी बसत. एकदा बस निघणार, तेवढ्यात पडद्यावर दूरवर एक बाई पिशवी सावरत पळत येताना दिसली. घड्याळ पुढे सरकत होतं.

लेक म्हणाली, "बाबा, निघा. उशिराचे गुण कापतायत."

"कापू देत. ती बाई येतेय ना."

मित्रांनो, खेळ निवडताना आधी खेळणाऱ्याला विचारा, मग माझ्यासारख्याची कुवत बघा आणि अधूनमधून आमची धूळ झटका. यापलीकडे मला काही शिकवता येत नाही. त्या दुपारी बाबांचं सगळं लक्ष त्या बाईकडे होतं. ती चढेपर्यंत दार उघडंच राहिलं. बटणावरचं ते बोट घट्ट, स्थिर होतं, आणि हे त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना दिसत होतं.