दुपारची गुळणी

"गिळायचं नाही हां, बाबा. नुसतं तोंडात घोळवा आणि थुंका."

"रोज काय सांगतोस? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाबांनी माझ्या हातून पेला घेतला.

उकळून कोमट केलेले पेलाभर पाणी, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. घशाच्या गाठीवर किरणांचे उपचार सुरू झाल्यापासून बाबांचे तोंड आतून सोलवटले होते. परिचारिकेने सांगितलेली ही गुळणी मी दिवसातून चारदा करून देई. चमच्यावरचा सोडा मी सुरीने सपाट करी. चिमूट चुकली तर काहीतरी भयंकर घडेल, असे उगाच वाटे.

"एवढ्या सोड्यानं दादा पावासारखा फुगायला हवा होता," स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. "हा तर वाळतच चाललाय!"

बाबा हसले आणि थुंकले. पांढऱ्या बेसिनमध्ये पाणी गुलाबी उतरले.

रक्त दिसले तर वाट पाहू नका, असे परिचारिकेने बजावले होते. काल आणि परवाही असेच झाले होते. सकाळची गुळणी स्वच्छ, दुपारची गुलाबी. दोन्ही दिवस मी नळ सोडून ते वाहून जाऊ दिले होते; पाहिलेच नाही तर ते खरे ठरणार नाही, अशी माझी भ्याड समजूत.

"बाबा, रक्त आहे."

"असेल. हिरड्यांचं."

फोन घ्यायला मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि थबकलो. महिनाभर झाकलेल्या शिलाई मशीनवरची खोळ निघाली होती. वर एक सदरा पडला होता, आणि त्यात टोचलेल्या दोन टाचण्यांची टोके लालसर होती.

बाबा शिंपी. चाळीस वर्षे त्यांनी टाचण्या ओठांत धरूनच कापड बेतले होते.

"तोंडात धरल्यात?"

"सवय आहे रे. ते बधिर करणारं औषध लावलं की टोचत नाही."

"टोचतं, बाबा! फक्त कळत नाही."

मी रुग्णालयात फोन केला. परिचारिकेने शांतपणे ऐकून घेतले. टाचण्या बंद, म्हणाली, पण आत्ताच घेऊन या. रक्त टाचण्यांचे की गाठीचे, हे फोनवर कोण सांगणार?

"टाचण्यांचंच असेल ना रे?" बाबांनी विचारले. त्यांच्या आवाजात भीती मी प्रथमच ऐकत होतो.

"असेल," मी म्हणालो.

"मग जाऊ. पण असा नाही." त्यांनी तो सदरा उलटा करून अंगात घातला. तो त्यांचाच होता. कडेला आधी दोनदा आत घेतलेल्या शिवणीच्या दोन जुन्या रेघा दिसत होत्या, एकीच्या आत दुसरी. "शिंपी पोत्यात शिरून आला, असं नको म्हणायला कुणी."

डबीतल्या टाचण्या घेऊन त्यांचा हात नकळत ओठांकडे गेला. मी मनगट धरले. मग त्या टाचण्या मीच माझ्या ओठांत धरल्या. जिभेवर थंड लोखंडी चव उतरली.

"हं. आता बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "तोंडात टाचणी असली की शिंपी गप्प असतो."

मी एकेक टाचणी देत गेलो. बाबा कडेचे कापड चिमटीत ओढत होते, आणि चिमटीत मावेना इतके कापड येत होते.